ताऱ्यांच्या धारेला पडलेला बाक

पौर्णिमा रिसोडला घरी आली ती प्रबंध अर्धवट टाकून. पुण्याला ती ताऱ्यांच्या गुच्छांवर संशोधन करत होती. असा गुच्छ आपल्या आकाशगंगेभोवती फिरताना झिजत जातो, त्यातले तारे सुटतात आणि त्यांची लांबलचक धार तयार होते. पौर्णिमानं संगणकावर मांडलेली धार सरळ आणि बारीक निघायची. दुर्बिणीतून दिसलेली खरी धार मात्र मध्येच वाकलेली, एका जागी फाकलेली होती. इतक्या वर्षांचं आपलं गणितच चुकलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आई गंगूनं तिला आधी जेवायला वाढलं. वडील देवमन सकाळी अंगणात उकडलेली हळद वाळायला पसरत होते. पौर्णिमाही हात लावायला बसली. कायले आली एकाएकी, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं अडलेलं सगळं सांगून टाकलं. आकाशगंगेभोवती छोट्या दीर्घिका, म्हणजे लहान आकाशगंगाही फिरतात, त्यातली एखादी जवळून गेली तर धार ओढली जाते, हेही सांगितलं.

“मंग तसंच झालं असन,” देवमन म्हणाले.

“पाह्यलं मी, बाबा. साऱ्या लय दूर हायेत.”

बोलता बोलता ती थांबली. दूर होत्या त्या आज. धार तर कोट्यवधी वर्षांपासून बनत आलेली. त्या दीर्घिकांना तिनं काळात मागं नेऊन पाहिलंच नव्हतं.

हात धुऊन ती आत गेली आणि तिनं घरूनच पुण्याच्या संगणकावर काम लावलं. बहुतेक दीर्घिका लांबूनच गेल्या होत्या. एक फिकट, लहानशी मात्र धारेला जवळजवळ खेटून गेलेली निघाली. तिला धरून पौर्णिमानं गणित पुन्हा चालवलं. दिवेलागणीला चित्र आलं. धार हव्या त्याच जागी वाकली होती, तिथंच फाकली होती. तिचा विश्वास बसेना. दीर्घिकेचा वेग थोडा बदलून पाहिला, तरी बाक तिथंच पडला.

मार्गदर्शक साधना मॅडमना तिनं चित्र पाठवलं. त्यांचा फोन आला.

“गणित बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “आता लिहायला बस.”

फोन ठेवून पौर्णिमा भिंतीला टेकून बसली. डोळे भरून आले होते. गंगूनं चित्राकडं एकदा पाहिलं, मग पोरीकडं.

“झालं नं मनासारखं? मंग जेव आता. आल्यापासून नुसती चिवडून राह्यली.”

ती पोटभर जेवली आणि भाकर पुन्हा मागून घेतली.