बयाबाईंची पिशवी

दवाखान्याच्या बाकावर संयोगितानं पुढं केलेला चहा बयाबाईंनी हातानंच मागं सारला.

"आत्ती, सकाळपासनं पोटात कायच न्हाय तुमच्या. भाकरीबी तशीच ठिवलीसा."

"तू पी. माझ्या पोटाची काळजी तुला नगं."

संयोगितानं ओळखलं, सासूबाईंचा राग उतरलेला नाही. दीड वर्षापूर्वी कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला, तेव्हा बयाबाईंनीच सगळी उठबस केली होती. पण आता तिथं नवा स्तन करून घ्यायचा, तोही पोटाची कातडी आणि चरबी काढून, हे गेल्या खेपेला डॉक्टरांकडून ऐकलं आणि त्यांचं तोंड सुटलं.

"बरी झालीस की. पदराखाली बघायला कोण कलेक्टर येणाराय?"

"मी बघते की रोज, आंघुळीला."

त्यावर बयाबाई उठून गोठ्यात गेल्या. आज न बोलावता बरोबर आल्या. मांडीवरची फुगलेली कापडी पिशवी काही खाली ठेवत नव्हत्या.

आत डॉक्टर क्रांतींनी संयोगिताचं पोट दोन बोटांत धरून पाहिलं.

"फार वाळलात हो. पोटावर काही उरलंच नाही. इथलं पुरायचं नाही."

संयोगितानं पदर सारखा केला. पुन्हा एकदा केला. डॉक्टर रिपोर्ट चाळू लागल्या, तोवर बयाबाई उठून पुढं झाल्या.

"माझं घ्या की." त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "घरच्या म्हशीचं दूधतूप हाय, काय कमी न्हाय हितं. आन् सकाळपासनं पाण्याचा थेंब घेतल्याला न्हाय मी."

डॉक्टर हसल्या नाहीत.

"मावशी, दुसऱ्याचं मांस अंगाला धरत नाही. जिचं तिलाच लागतं. पण हिच्या मांडीचं घेता येईल. बारीक शिरा जोडून आता तसंही करतात."

"मांडीचं धरतंय?"

"बहुतेकदा धरतं."

बयाबाई खुर्चीत टेकल्या. "मग आदी सांगायचं की, बाई. उगंच उपाशी मारलंसा."

त्या निघायला उठल्या तेव्हा कलंडलेली पिशवी संयोगितानं सावरली. आत दोन लुगडी, टॉवेल, मिश्रीची डबी आणि वर आधार कार्ड होतं. पिशवीचे बंद धरून ती तशीच उभी राहिली.

"बघत काय बसलीस?" बयाबाई दारातून म्हणाल्या. "चहावाला हाय का गेला, ते बघ."