कोऱ्या पुस्तकाचे खरे उखाणे

हसू नका, मी एक कोरी प्रत बोलतेय. नाशिकच्या एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात माझा जन्म झाला. पुस्तक छापण्याआधी ते किती जाड होईल, पाठीवर नाव मावेल का, हे बघायला कोऱ्या कागदांची एक प्रत बांधतात. तिला सगळे डमी म्हणतात. काम झालं की तिच्यावर चहाचे कप ठेवतात. माझ्याही नशिबी तेच होतं.

कव्हर मात्र माझं अस्सल, पिवळंधमक. 'कळवणचे उखाणे', संकलन साधना पगार. साधना कळवणजवळच्या खेड्यातली, आता नाशिक रोडला शिक्षिका. सुट्टीत गावी जाऊन तिनं बायकांकडून नवऱ्याचं नाव घ्यायचे उखाणे गोळा केले आणि प्रत्येकीला शब्द दिला, "तुमचा उखाणा तुमच्या नावानिशी छापून येईल."

प्रकाशनाची बातमी गेली, पत्रिका वाटल्या आणि ऐन वेळी अंबडच्या बाइंडरचं मशीन बंद पडलं, एकही प्रत बांधून आली नाही. विभागातल्या सुवर्णाताईंनी आधी कपाळाला हात लावला, मग मला चकचकीत कागदात गुंडाळून रिबीन बांधली. "फक्त कव्हर दाखवा, उघडू नका," असं त्यांनी पाहुण्यांना बजावलं. पाहुण्यांनी मला छातीशी धरून फोटो काढले. टाळ्या ऐकून मी तर फुलून गेले.

पण साधनाची आई नवसाबाई तरातरा स्टेजवर चढली आणि तिनं पदर पसरला. "पयलं कणीस देवीला, तसं पयलं पुस्तक बी देवीलाच."

भरल्या सभेत आईला नाही कोण म्हणणार? मी गेले ओटीत. साधना आईवडिलांबरोबर गावी निघाली. वाटभर "आई, ऐक ना" म्हणत होती, पण आई सगळ्या एसटीला माझं कव्हर दाखवण्यात दंग!

देवळात बायका जमल्याच होत्या. हळदकुंकू वाहून होतंय न होतंय तोच कुसाबाईनं मला उचललं. "माझं नाव कोणत्या पानावर हाय गं?" तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, पार शेवटपर्यंत गेली. सगळी पानं कोरी! गावासमोर लेकीचा शब्द खोटा पडला म्हणून नवसाबाईचा चेहरा पांढराफटक झाला. मला तर पाटाखाली लपावंसं वाटलं.

साधनानं रडत रडत सगळं सांगून टाकलं. "खरी पुस्तकं आठवड्यात येतील, कुसामावशी."

कुसाबाईनं माझ्या पानावरून हात फिरवला. "रडती कशाला? कोरं हाय ते लय बरं झालं! तू आली तवा सासू समोर बसलेली. तिच्यापुढं समई-निरांजनाचाच घ्यावा लागला. खरा आता लिही."

आणि तिनं असा काही उखाणा घेतला की सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग काय, एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. साधना डोळे पुसत लिहीत होती, हसत होती. इतकी शाई काय, इतका आनंदही मी कधी अंगावर घेतला नव्हता.

शेवटचं पान उरलं तशा सगळ्या नवसाबाईच्या मागे लागल्या. तिचे यजमान चिमाजी बाहेर पारावर बसले होते. तिनं एकदा तिकडं पाहिलं, पदर सावरला:

"मेथीच्या जुडीला बांधला केळीचा सोप,
चिमाजीरावांच्या घोरण्यानं उडाली माझी झोप!"

"मी घोरत नाय!" बाहेरून आवाज आला, आणि देऊळ हसून हसून लोटपोट झालं.

पुढे छापील पुस्तकं आली. प्रत्येकीला आपलं नाव सापडलं, साधनाचा शब्द राहिला. मी मात्र साधनाबरोबर सुवर्णाताईंच्या टेबलावर पोचले. वाचताना त्यांचा चहा गार झाला. "हेही छापूया," त्या म्हणाल्या. बायकांनी छापायला खुशीनं होकार दिला. कुसाबाईच्या सासूची तेवढी तक्रार होती, "माझा कुठं हाय?" तिचाही घातला.

आता विद्यापीठाच्या नव्या पुस्तकांच्या बातमीत पहिलंच नाव आहे, 'कळवणचे खरे उखाणे'. मी देवीपाशी परत आलेय. कडा दुमडल्यात, कुंकवाचे डाग पडलेत, आणि मी मजेत आहे. तुमच्या टेबलावर एखादी कोरी प्रत असेल, तर तिच्यावर कप तेवढा ठेवू नका.

चिमाजी त्या बातमीचं कात्रण खिशात घेऊन फिरतात. पारावर येईल त्याला वाचून दाखवतात आणि सांगतात, "पुस्तक घ्याच. शेवटचं पान सोडलं, तर बाकी सगळं खरं हाय."