दहा दिवस आधी

बुधवारी बाग सांभाळणाऱ्या मावशींची सुट्टी असायची, आणि व्यवस्थापकाने नेमका तोच दिवस साधला.

गुरुवारी सकाळी सात वाजता मावशी उपचार केंद्राच्या मागच्या दाराने आत आल्या आणि सवयीने आधी मोठ्या खिडकीकडे गेल्या. खिडकीखालची लांब फळी रिकामी होती. पुसून लख्ख केलेली. रोपांचे चौसष्ट कागदी पेले गायब. मावशींना वाटलं, कुणीतरी साफसफाईसाठी हलवले असतील. मग त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं.

वाफ्यात ओळीने टोमॅटो, मिरच्या, वांगी लावलेली होती. लावलेली कसली, खुपसलेली. टोमॅटोची पानं उकडल्यासारखी काळपट होऊन देठाला चिकटली होती. मिरच्या माना टाकून मातीवर लोळत होत्या. वांग्यांची पानं उन्हाने पांढरी पडून वर गारठ्याने लुळी झालेली. मावशी गुडघ्यावर बसल्या आणि एकेक रोप बोटाने उचलून बघू लागल्या. बोट काढलं की रोप पुन्हा खाली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे केंद्र अर्धांगवायू झालेल्या माणसांसाठी होतं. हात, पाय, वाचा, जे गेलं असेल ते थोडंथोडं परत मिळवायचं ठिकाण. बाहेर अजून कडक थंडी असताना मावशींनीच सुचवलं होतं, की रबरी चेंडू दाबून कंटाळलेल्या हातांना बिया द्या. व्यायाम घेणाऱ्या ताईंना ते पटलं. पंधरा जणांनी बिया पेरल्या. त्यांतले शिंपीकाका सगळ्यांत हट्टी. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेला त्यांचा उजवा हात आता मांडीवर मेल्यासारखा पडून असे, आणि तोंडातून एक "हो" सोडला तर काही निघत नसे. चहा हवा का? हो. नको का? हो. पहिली मिरचीची बी डाव्या हाताने पेल्यात टाकायला त्यांना पाऊण तास लागला. तीनदा बी खाली पडली. ताई उचलायला वाकल्या तर काकांनी त्यांचा हात झटकून टाकला. चौथ्यांदा बी पडली ती पेल्यातच. त्या दिवसापासून ते रोज चाकाची खुर्ची खिडकीशी लावून बसायचे.

सोमवारीच व्यवस्थापक मावशींना म्हणाला होता, "शनिवारी देणगीदार येतायत. त्याआधी बाग हिरवी दिसली पाहिजे. ही रोपं बाहेर लावून टाका."

"अजून दहा दिवस थांबा साहेब."

"का? चांगली वीतभर झालीयेत की."

"उंचीवर नसतं ते. ही घरात वाढलेली आहेत, त्यांना ना ऊन माहीत ना वारा. आज तासभर सावलीत ठेवायची, उद्या दोन तास, मग थोडं ऊन. आठवडाभर रोज आत-बाहेर करायचं, तेव्हा कुठे देठ टणक होतो. आणि रात्री अजून किती गार असतात! सकाळी जमिनीवर हात ठेवून बघा. मी पन्नास आकडे मोजेपर्यंतसुद्धा ठेवू शकत नाही."

"तुम्हाला काय, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे असतात," असं म्हणून तो निघून गेला होता. मावशींना वाटलं, विषय संपला.

आता त्या मातीने भरलेल्या हातांनीच त्याच्या खोलीत शिरल्या.

"कुणाला विचारून लावलीत?"

व्यवस्थापकाने मान वर केली. "मावशी, आवाज खाली. मरगळलीयेत थोडी, पाणी घाला."

"मेलीयेत ती. पाणी कुणाला घालू?"

"बरं, मेली तर मेली. रोपवाटिकेची गाडी दुपारी येतेय. मोठी, फुलं लागलेली रोपं मागवलीयेत. ती लावा आणि मोकळ्या व्हा."

"आणि ज्यांनी दोन महिने जीव लावून वाढवली, त्यांना काय सांगू?"

"सांगायचं कशाला?" तो हसला. "त्यांना काय कळतंय?"

रोपांचा राग वेगळा होता. हा वेगळाच होता. त्या तशाच वळल्या आणि थेट जेवणघरात गेल्या. पंधरा माणसं नाश्त्याला बसली होती. मावशींनी आडपडदा ठेवला नाही. काल रोपं कुणी बाहेर नेली, ती का मेली, आता दुपारी काय येणार आहे, सगळं सांगितलं. एक आजी रडल्या. एक निवृत्त ड्रायव्हर टेबलावर मूठ आपटत राहिले. शिंपीकाकांनी चमचा ताटात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यायामाला साफ नकार दिला. "हो" म्हणणंसुद्धा बंद केलं.

गाडीतली रोपं लावायला मावशींनी हात लावला नाही. ती सफाईवाल्यांकडून लावून घेतली गेली.

शनिवारी देणगीदार बाई आल्या, सोबत कॅमेरेवाला. रुग्णांना वाफ्याभोवती अर्धगोलात बसवलं होतं. व्यवस्थापकाने हात पसरून सांगितलं, "ही सगळी रोपं आमच्या रुग्णांनी स्वतःच्या हातांनी, अगदी बियांपासून वाढवलीयेत."

"खो..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शिंपीकाकांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"काकांना फार आनंद झालाय," व्यवस्थापक घाईघाईने म्हणाला.

"खोटं!" काका ओरडले. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा धरला होता. "खोटं. मेली. आमची... मेली!"

ताईंनी तोंडावर हात ठेवला. पाच महिन्यांत या माणसाने दुसरा शब्द उच्चारला नव्हता. देणगीदार बाई पुढे झाल्या आणि काकांसमोर वाकल्या. "काय मेली, काका?"

काकांनी मावशींकडे बोट केलं. मावशी कोपऱ्यातल्या खताच्या ढिगाशी गेल्या आणि वाळकी रोपं ओंजळीत भरून घेऊन आल्या. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, व्यवस्थापकाच्या तोंडावर, एक शब्द गाळला नाही. "त्यांना काय कळतंय" हेसुद्धा. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली घेतला. बाईंनी व्यवस्थापकाला एवढंच विचारलं, "खरं आहे?" तो म्हणाला, समन्वयात थोडी गडबड झाली.

संध्याकाळी त्याने मावशींना बोलावून घेतलं. "तुम्हीच शिकवलंत त्यांना हे."

"मी शिकवलं असतं," मावशी म्हणाल्या, "तर अजून चार शब्द शिकवले असते. ते इथे म्हणण्यासारखे नाहीत."

त्याने त्यांची बदली कपड्यांच्या कोठीत केली. ताईंनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी सह्यांचा अर्ज देणगीदार बाईंकडे पाठवला, तेव्हा बाराव्या दिवशी मावशी बागेत परत आल्या. त्यांची कुणी माफी मागितली नाही. रुग्णांची तर नाहीच नाही.

बिया पुन्हा पेरल्या. या खेपेला रोपं तयार झाल्यावर ती आत-बाहेर करायचं काम पंधरा जणांनी वाटून घेतलं. मांडीवर ट्रे ठेवून खुर्च्या अंगणात जायच्या. पहिल्या दिवशी तासभर, भिंतीच्या आडोशाला. दुसऱ्या दिवशी दोन तास. वारा सुटला की ड्रायव्हर ओरडायचे आणि सगळी वरात आत यायची. आठ दिवसांनी सकाळी काकांनी खुर्चीतून वाकून डावा तळहात वाफ्यावर टेकवला. मावशी मोजत होत्या. साठ झाले, सत्तर झाले, काकांनी हात काढला नाही.

"लावा," ते म्हणाले.

रोपं जगली. पण ऐन दिवस वाया गेले होते ते गेलेच. टोमॅटोला रंग चढेपर्यंत पुन्हा थंडी पडू लागली, आणि निम्मे हिरवेच उतरवावे लागले. वांगी चारच लागली. नाश्त्याच्या वेळी रडलेल्या आजी तोवर घरी गेल्या होत्या. आपण पेरलेल्याची फळं त्यांनी पाहिलीच नाहीत.

एके सकाळी व्यवस्थापक वाफ्याजवळून चालला होता. थांबला आणि म्हणाला, "छान आलेत हो टोमॅटो."

"उशिरा आलेत," मावशी म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता काकांच्या हातात टोपली दिली.