एउलोखियोच्या अंगणाची रांग

मे महिन्यात स्पेनमधल्या कोर्दोबात अंगणांची स्पर्धा असते, आणि फुलांनी लगडलेली घरं पाहुण्यांना खुली असतात. त्या शनिवारी एउलोखियो चण्यांचं कालवण मंद आचेवर ठेवून पाव आणायला गेला. परत येतो तर दारापुढे नव्वदेक माणसांची रांग.

दारावर पुतणी आराथेली होती. “काका, मागे जा. रांग तिकडून आहे.”

“अगं, माझंच घर आहे. कालवण करपेल.”

“घरच्यांनाही रांग, हा नियम स्पर्धेच्या समितीत कोणी केला?”

नियम त्यानेच केला होता. वर टाळ्याही घेतल्या होत्या.

“मग तू तरी गॅस बंद कर.”

“दार सोडायचं नाही, हाही तुमचाच.”

दीड तासाने तो दहाजणांच्या तुकडीत आत शिरला. स्वयंपाकघरातून धूर येत होता आणि मध्ये पाहुण्यांना अडवायला त्यानेच बांधलेली दोरी होती. शेजारची प्रवासी बाई डोळे मिटून म्हणाली, “जुन्या घरांचा वासच वेगळा.”

“काका, दहा मिनिटं झाली. बाहेर जायचं दार तिकडे,” आराथेली दारातूनच ओरडली.

एउलोखियोने फुलांचा एक फोटो काढला आणि पाव काखेत धरून तो इतरांमागून बाहेर पडला.