पहिलं रीडिंग

आई-बाबा नागपूरहून अमेरिकेत, हर्नडनला तिच्याकडे आल्यापासून शिवांगीने बाबांच्या ब्लडप्रेशरचा पिच्छाच पुरवला होता. मशीन रोजच्या मोजणीची एक फाइल तिच्या लॅपटॉपवर पाठवायचं आणि तिने लिहिलेला प्रोग्राम सगळ्या फाइल्स वाचून रोजची सरासरी काढायचा, आलेख रेखाटायचा. आलेख म्हणत होता, बाबांचं प्रेशर वाढलंय. झालं! लोणचं बंद, पापड बंद, आणि सोमवारी डॉक्टरकडे जाऊन गोळी वाढवून घ्यायची.

"मला काही धाड भरलेली नाही," मनोहरराव कुरकुरले. "आत्ता तळ्याला चक्कर मारून आलोय."

"बाबा, डेटा खोटं बोलत नाही."

बोलली खरी, पण तिच्या मनात पाल चुकचुकली. उगाच गोळी वाढवली आणि बाबा भोवळ येऊन पडले तर? शनिवारी सकाळी ती कोड घेऊन बसली. सूत्र बरोबर, फाइल्सचा क्रम बरोबर. शेवटी वैतागून तिने एक फाइल नुसती उघडून पाहिली. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, पण हुशार माणसांना सुचेल तर ना! एकाच दिवसाची दोन रीडिंग्ज होती. पहिलं भलतंच जास्त, दुसरं अगदी नॉर्मल. पुढच्या फाइल्समध्येही तेच. प्रोग्राम बिचारा दोन्हींची सरासरी काढत बसला होता.

सुरुवातीला मशीन गडबडत असणार, असं ठरवून तिने पहिली रीडिंग्ज गाळून टाकली. रेघ झटक्यात खाली आली.

"बाबा, तुम्ही एकदम फिट आहात!"

मनोहररावांनी लगेच लोणच्याची बरणी काढली.

"काय सापडलं गं?" मीनाक्षीताईंनी ओट्यापाशी पोहे परतता परतता विचारलं.

"अगं आई, रोज पहिलं रीडिंग चुकीचं येत होतं. टाकून दिलं."

"बरं केलंस. ते माझंच असतं. मशीन चालतंय का बघायला आधी मी लावून घेते. ह्यांचा दंड उगाच दोनदा कशाला आवळायचा?"

"आणि आकडा?"

"आकडा कोण बघतंय! चष्मा कुठे असतो तेव्हा? पट्टा फुगला की झालं."

शिवांगीला रडूच फुटलं. बाबांसाठी एवढा आटापिटा केला आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं, तुझं कसं आहे म्हणून. गाळलेली रीडिंग्ज तिने परत घेतली, वेगळ्या रेघेत, आईच्या नावाने. रेघ पहिल्या दिवसापासून वरच होती.

मनोहररावांनी ती रेघ पाहिली. मग त्यांनी बरणीला झाकण लावलं आणि गॅस बंद केला.

"सोमवारची अपॉइंटमेंट हिच्या नावावर कर," ते म्हणाले.

"अहो, पोहे गार होतील."

"होऊ देत." त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या दंडाला पट्टा बांधला. "मशीनचं राहू दे. आज तुझं बघायचंय."

शिवांगीने आईचा चष्मा शोधून आणला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला.