गवताचा भाव

क्लिफर्ड ग्रिमशॉ खर्चाला कधी नाही म्हणायचा नाही. तो खर्च आपल्या खिशातून व्हावा, एवढंच काय ते त्याला पटायचं नाही. हॅलिफॅक्सच्या बस आगारात त्याने तीस वर्षं तिकीट तपासनिसाची नोकरी केली होती. बसमध्ये चढल्या चढल्या, कुणाच्याही हाताकडे न बघता, फुकट बसलेला प्रवासी तो नुसत्या चेहऱ्यावरून हेरायचा. "बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर फार प्रेमाने बघतो," असं तो म्हणायचा.

दर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो, त्याची बायको नोरीन आणि बिस्किट नावाचं त्यांचं कुत्रं, गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून स्कार्थविकला जात. शाळा सुरू झालेल्या, पोरंसोरं घरी परतलेली. कड्यावरचं ते कुरण तेव्हा निवांत असे. खाली समुद्र, वर गवत, आणि गवतावर आपलं चाकांचं घर. क्लिफर्डला याहून जास्त काही लागत नसे. नोरीनला लागे. तिला पाय पसरून झोपण्याजोगा बिछाना लागे, आणि मध्यरात्री उठलं तर आपलं डोकं कपाटावर आपटू नये, एवढी माफक अपेक्षा.

म्हणून कॅरॅव्हॅन घेतली त्याच वर्षी तिने एक अट घातली होती. "ज्या दिवशी गवताचं भाडं बिछान्याच्या भाड्याच्या वर जाईल, त्या दिवशी ही पेटी विकायची." क्लिफर्डने हसत हसत हातावर हात दिला होता. तेव्हा कुरणातल्या जागेला रात्रीचे आठ पौंड पडत आणि खालच्या गेस्ट हाऊसमधल्या खोलीला पस्तीस. शब्द द्यायला यापेक्षा स्वस्त वेळ कोणती मिळणार होती?

पण नोरीन विसरणाऱ्यातली नव्हती. दरवर्षी गावाच्या वळणावर ती म्हणे, "हळू घे." तिथे मिसेस डन्स्टनचं गेस्ट हाऊस होतं आणि बाहेर दराची पाटी. नोरीन ती मोठ्याने वाची आणि क्लिफर्ड ऐकून न ऐकल्यासारखं करी. या वर्षी ऐकणं भाग होतं, कारण तिच्या भाच्याने, डॅरनने, कॅरॅव्हॅनला साडेचार हजार देऊ केले होते आणि तो रविवारी येऊन ओढून न्यायला एका पायावर तयार होता.

"हळू घे," नोरीन म्हणाली.

क्लिफर्डने गाडी हळू केली.

"अठ्ठावन्न," तिने वाचलं. "न्याहारीसकट."

"आपलं एकोणचाळीस," क्लिफर्ड म्हणाला. "न्याहारी तर मीच करतो. तीही समुद्र बघत."

"तू अंडी जाळतोस, क्लिफ. आपण बघतो तो धूर, समुद्र नव्हे."

एकोणचाळीस हा आकडा त्याने जानेवारीत पाहिला होता, जागा राखताना. आगाऊ पैसे भरले असते तर तो तिथेच पक्का झाला असता. पण न पाहिलेल्या गवताचे पैसे आधी द्यायचे नाहीत, हे क्लिफर्डचं तत्त्व होतं. आणि पैसे न भरता जागा राखता येते, आल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फुकट रद्दही करता येते, हे कळल्यावर त्याने एक युक्ती काढली होती. सात नंबरची जागा स्वतःच्या नावावर घ्यायची आणि शेजारची आठ नंबरची दुसऱ्या नावावर. वारा पूर्वेचा असला तर सात, पश्चिमेचा असला तर आठ. शिवाय पुढचे तिन्ही आठवडेही तसेच धरून ठेवायचे. हवामानाचा अंदाज बघून हवा तो ठेवायचा, उरलेले सोडून द्यायचे. गेल्या सप्टेंबरात कॅरॅव्हॅनला जोडलेल्या तंबूसमोर बिअर पिता पिता त्याने ही युक्ती कुरणातल्या सगळ्या जुन्या मंडळींना सांगितली होती. विल्फ तर म्हणाला होता, "क्लिफ, लेका, तू बसमध्ये उगाच वाया गेलास."

कुरणाच्या तोंडाशी आता लाल-पांढरा अडसर होता. पूर्वी म्हातारा शेतकरी गमबूट घालून स्वतः यायचा आणि नोटा टोपीत टाकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने कुरण एका कंपनीला विकलं. आता काचेच्या खोलीत केली नावाची मुलगी बसत असे, गोड बोलायची, आणि टोपी मागत नसे.

"स्वागत आहे, मिस्टर ग्रिमशॉ. सात रात्री. रात्रीचे एकसष्ट."

क्लिफर्ड हसला. नवीन पोरगी आहे, चुकली असेल. "एकोणचाळीस, पोरी."

"ते जानेवारीत होतं. तुम्ही आगाऊ भरले नव्हते, म्हणून आजचा दर."

क्लिफर्डच्या चेहऱ्यावरचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. ते मागे कसं घ्यायचं हे त्याला सुचेना. त्याने मागे पाहिलं. नोरीन दारात उभी होती, कुत्र्याची दोरी हातात. तिच्या ओठांची किंचित हालचाल झाली, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतर क्लिफर्डला ती वाचता येत होती. अठ्ठावन्न, असं ते ओठ म्हणाले.

"मी तंबू लावणार नाही," क्लिफर्ड घाईने म्हणाला. "तंबूचे वजा कर."

"तंबू आता दरातच आहे."

"कुत्रा?"

"तोही."

"वीज नको. मेणबत्त्या आहेत."

"मेणबत्त्यांना बंदी आहे, मिस्टर ग्रिमशॉ."

क्लिफर्डने काचेतून कुरणाकडे बोट केलं. "अगं, पण बघ तरी. तिथे आहे कोण? मी मोजतो. अकरा गाड्या. जागा तीस. निम्म्याहून जास्त गवत मोकळं पडलंय आणि तू मला एकसष्ट सांगतेस? मोकळ्या बसचं तिकीट कुणी वाढवतं का?"

"बस मोकळी दिसते," केली म्हणाली, "पण आमच्याकडे ती भरलेली आहे. जागा जसजशा राखल्या जातात तसतसा दर चढतो. ते कॉम्प्युटर ठरवतो, मी नाही. हा आठवडा फेब्रुवारीतच भरला. असा ऑगस्टही भरत नाही. कंपनीवाल्यांना वाटलं, स्कार्थविकमध्ये काही जत्रा आहे की काय. मग दुपारपर्यंत लोक रद्द करत जातात. पण आजचा दर सकाळीच लागलेला असतो, आणि येणाऱ्याला सातही रात्री तोच." तिने पडद्याकडे पाहिलं. "तुमच्या शेजारचे अजून पोचले नाहीत. आडनाव तुमचंच आहे. नातेवाईक असतील. मिस्टर बिस्किट ग्रिमशॉ."

नाव ऐकताच कुत्र्याने कान टवकारले आणि शेपूट हलवली.

शेपूट दाराच्या चौकटीवर टपटप आपटत राहिली. क्लिफर्डला कान तापल्यासारखे वाटले. अकरा गाड्या. त्या अकराही जणांना त्याने ती युक्ती शिकवली होती, आणि त्यांनी ती आपल्या मेहुण्यांना शिकवली असणार. गवताचा भाव कंपनीने वाढवला होता हे खरं. पण शिडी लावून दिली होती ती क्लिफर्डने, आणि खाली धरून उभं होतं ते हे कुत्रं.

"आलेत ते," नोरीन केलीला म्हणाली. "भूक लागलीय त्यांना."

क्लिफर्डने पैसे भरले.

सात नंबरवर त्याने कॅरॅव्हॅन मागे घेतली, पांढऱ्या खुंटीला नेमकी लावली, तिचे लोखंडी पाय जमिनीला टेकवले. सव्वीस वर्षांच्या सवयीने हात चालत होते. शेजारच्या आठ नंबरच्या खांबावर एक कार्ड अडकवलेलं होतं: राखीव, बि. ग्रिमशॉ. बिस्किटने तिथे जाऊन खांबावर पाय वर केला, आणि आपला हक्क बजावला.

तेवढ्यात विल्फ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "एकसष्ट, क्लिफ. एकसष्ट. गेल्या वर्षी चौतीस होते. या कंपनीवाल्यांना लाज कशी नाही?"

"विल्फ, तू किती जागा धरल्या होत्यास?"

"मी? तीन." मग तो जरा खजील झाला. "चार. एक जावयाच्या नावावर. तो तर कॅनडात असतो."

दोघे मोकळ्या कुरणाकडे बघत उभे राहिले. वाऱ्यावर गवत वाकत होतं. त्यावर न आलेले जावई, मेहुणे आणि कुत्री अगदी ऐसपैस पसरलेली होती, प्रत्येकी एकसष्ट पौंडांत.

"हे कुणाला सांगू नकोस," विल्फ हळूच म्हणाला.

क्लिफर्ड कॅरॅव्हॅनमध्ये शिरला तर नोरीन अंगात कोट चढवून, हातात लहान पिशवी घेऊन उभी. पिशवीतून दात घासायच्या ब्रशचं टोक दिसत होतं.

"चहा टाकतो," क्लिफर्ड म्हणाला.

"शब्द दिला होतास, क्लिफ."

"तीन पौंडांचाच फरक आहे."

"बसमध्ये तीन पेन्स कमी असले तर तू खाली उतरवायचास. पोरांनासुद्धा. मी आजची रात्र खाली मिसेस डन्स्टनकडे झोपणार, आणि तिथूनच डॅरनला फोन करणार. रविवारी येऊ दे त्याला."

क्लिफर्डने भोवती पाहिलं. ती अरुंद बाकं, त्याने स्वतः बसवलेलं फळकुट, पावसात टपटप वाजणारं छत, खिडकीतला समुद्र. डॅरन हे सगळं फुटबॉलच्या सामन्यांना ओढत नेणार, बाकांवर बिअर सांडणार. भांडायला त्याच्याकडे एकही मुद्दा उरला नव्हता. होता तो खांबाला अडकवलेला होता.

"पिशवी दे," तो म्हणाला. "पोचवतो."

"मी जाईन."

"अंधार पडेल येताना."

"येताना कुठे, मी तिथेच राहणार." पण त्याने पिशवी घेतलीच होती, आणि बिस्किटची दोरीही. तिने मग दोनदा सांगितलं की यायची गरज नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. सामान म्हटलं की ती दुसऱ्याच्या हातात देणारी. क्लिफर्ड दुःखात होता, त्याने लक्ष दिलं नाही.

मिसेस डन्स्टनने दार उघडलं. हातात ओला टॉवेल, चेहऱ्यावर दिवसभराची कटकट.

नोरीनने तोंड उघडलं होतं, पण क्लिफर्ड आधी बोलला. "हिला एक खोली हवी. पाटीवर अठ्ठावन्न पाहिलं."

"पाटी जुनी आहे हो. पोरगा रंग आणतो आणतो म्हणतो. सहासष्ट झालेत आता."

सहासष्ट. क्लिफर्डने दाराची चौकट धरली. आजच्या दिवसात आकड्याने असा सुखद धक्का त्याला पहिल्यांदाच दिला होता.

"मला तरी हौस आहे का?" मिसेस डन्स्टन सांगू लागली. दोन माणसं ऐकताहेत म्हटल्यावर तिला धीर आला. "माझ्या खोल्या तीन. त्यातली समुद्राकडची चांगली खोली एक बाई सगळा सप्टेंबर अडवून ठेवते. फोनवर. आज येते म्हणते, परवा येते म्हणते, आणि ऐन वेळी रद्द. सहा वर्षं चाललंय. तोंड कधी पाहिलं नाही मी तिचं. त्या खोलीचं नुकसान मी बाकीच्या दोन खोल्यांवर टाकते, करणार काय. आजही तिच्यासाठी राखलीय. बघू, उगवते का. मिसेस पिकर्सगिल म्हणून आहे कुणी."

क्लिफर्डच्या हातातली पिशवी एकदम हलकी झाली.

पिकर्सगिल. एड्ना पिकर्सगिल. त्याची सासू. अकरा वर्षांपूर्वी हॅलिफॅक्सच्या दफनभूमीत तिला पोचवताना शवपेटीचा पुढचा डावा कोपरा त्याने स्वतः धरला होता.

तो हळूहळू वळला. नोरीन त्याच्याकडे बघत नव्हती, मिसेस डन्स्टनकडेही नव्हती. ती बाजूच्या खिडकीतून बाहेर, समुद्राकडे बघत होती. फार प्रेमाने बघत होती.

"पिकर्सगिल," क्लिफर्ड म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवून. "वयस्कर बाई असतील."

"आवाज तर ठसठशीत आहे," मिसेस डन्स्टन म्हणाली. "मग, देऊ का खोली? मागची आहे, सहासष्टची."

नोरीनने खिडकीवरून नजर काढली नाही. "नको," ती म्हणाली. "महाग आहे."

दोघे चढ चढू लागले. बिस्किट पुढे दोरी ताणत होतं. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे खरं तर आठ नंबर बरी पडली असती, पण हे सांगायची वेळ नव्हती.

"एकसष्ट आणि सहासष्ट," नोरीन म्हणाली. "गवत पाच पौंडांनी खाली आहे. शब्द म्हणजे शब्द. डॅरनला मी सांगते, या वर्षी नाही म्हणून."

"सहा वर्षं, नोरीन?"

"तूही म्हणतोसच ना, धरून ठेवायला पैसे पडत नाहीत. मी म्हटलं, तो दिवस आलाच तर आपल्याला निदान बिछाना तयार असावा." ती थोडी थांबली, दम घ्यायला. "आणि आईला समुद्र आवडायचा."

"बिस्किटलाही आवडतो."

वर कुरणात दिवे लागले होते, अकरा. बाकीचं गवत काळं आणि भरलेलं. नोरीन थांबली. "पुढच्या आठवड्यांचं ते कुत्र्याचं सगळं रद्द कर, क्लिफ. आत्ता, माझ्यासमोर. भाव असाच चढत राहिला तर पुढच्या वर्षी आपल्याला इथे उभं राहणंही परवडायचं नाही."

"करतो की." त्याने खिशातून फोन काढला. "आधी तू आईचं कर."

नोरीननेही फोन काढला. दोन पडदे अंधारात उजळले, दोन अंगठे वर तरंगत राहिले. क्लिफर्ड तिच्या अंगठ्याकडे बघत होता आणि ती त्याच्या.

"तू आधी," ती म्हणाली.

"बायकांचा मान पहिला," तो म्हणाला.

बिस्किटला कंटाळा आला आणि ते रस्त्यातच बसलं.