काशम्माचा अंगठा आणि माझा नंबर

मी एक जुनं, अंगठा ओळखणारं यंत्र आहे. मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढासा माझा जीव. पण एके काळी कुंभारीच्या रेशन दुकानात माझ्या होकाराशिवाय तांदळाचा दाणा हलत नसे.

दूरच्या कारखान्यात मी जन्मलो. पाठीवर लांबलचक नंबर छापला, अंगात हिरवा आणि लाल असे दोन दिवे बसवले आणि खोक्यात घालून मला सोलापूरजवळच्या या कुंभारी गावाला धाडलं. दुकानदार बसूने मला उदबत्ती ओवाळली. माणसं रांगेने यायची, अंगठा टेकवायची, हिरवा दिवा लागायचा. माझ्याशी कुणी बोलत नसे, पण दिवसभर ऊबदार अंगठे भेटायचे. तेवढ्यावर मी खूश होतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा शेफारलोही होतो.

मग काशम्मा आली. विडी कामगारांच्या घरकुलात राहणारी, नात सृष्टीला एकटीने वाढवणारी म्हातारी. चाळीस वर्षं विड्या वळून, पानांच्या कडा दुमडून दुमडून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. लाल दिवा लागला. पुन्हा लाल. तिने फोटोचं ओळखपत्र पुढे केलं.

"बसू, म्या हाय की रं ही!"

"मला ठावं हाय, अम्मा. पर ह्याला न्हाय की," बसूने माझ्याकडे बोट दाखवलं.

शेजारच्या बाया म्हणाल्या, काम बंद ठेव, कातडी भरून येईल. तिने पंधरा दिवस विडीच्या सुपाला हात लावला नाही, रोज अंगठ्याला खोबरेल चोळलं. मजुरी बुडाली, अंगठा मात्र तसाच गुळगुळीत राहिला. तीन महिने जुळला नाही म्हणून यादीत तिच्या नावापुढे लिहून आलं : हयात नाही.

बसूने ते वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग पायरीवर बसली.

"म्या मेले व्हय? मग हितं कोन बसलंय?"

मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याकडे दोन दिवेच होते, जीभ नव्हती. त्या दिवसापासून शंभर अंगठे भेटले तरी मला एकटंच वाटू लागलं.

निवडणूक आली. एका झेंड्याचा पुढारी दुकानासमोर गरजला, "आपल्याच गावात आपण आपणच असल्याचा पुरावा का द्यावा? सत्ता आली की हे यंत्र फेकून देऊ!" टाळ्या पडल्या. सत्ता आली, आणि दवाखान्याच्या दारातही माझा एक भाऊ बसवला. मग ज्या झेंड्याने मला आणलं होतं, तोच माझ्या नावाने शंख करू लागला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. काशम्माचे मात्र कधी आलेच नाहीत.

यंदा डोळे वाचणारं नवं यंत्र आलं. जुनी यंत्रं गोळा करायला साहेब आले. त्यांनी मला उलटं केलं. इतक्या वर्षांच्या हाताळण्याने माझ्या पाठीवरचा नंबर पुसला गेला होता.

"नंबर दिसत नाही. हे आमचंच कशावरून?"

"साहेब, आठ वर्सं हितंच हाय. समदं गाव वळखतंय ह्याला."

"गावाने ओळखून चालत नाही."

जीप निघून गेली. मी पोत्यांवर पडून राहिलो. कधी नव्हे ते मला कळलं, लाल दिवा समोरून कसा दिसतो.

काशम्मा तिथेच होती. मोतीबिंदूमुळे तिचे डोळेही नव्या यंत्राला ओळखू आले नव्हते. तिने मला उचललं, पदराने पुसलं.

"लेकरा, तुजं बी माज्यावानीच झालं की. चल घरला."

जिला मी मेलेली ठरवलं, तिनेच मला घरी नेलं. लाजेने माझा जीव अर्धा झाला.

आता मी तिच्या सुपाशेजारी असतो. दर सोमवारी ती जिवंत असल्याचा अर्ज घेऊन कचेरीत जाते आणि तशीच परत येते. संध्याकाळी सृष्टी दुकान-दुकान खेळते. आजी माझ्यावर अंगठा टेकवते. माझी वायर कधीच तुटली आहे, म्हणून सृष्टीच ओरडते, "जुळलं! न्या अम्मा, तांदूळ!"

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल, कुणी पुढारी. यंत्रं जरूर सांभाळा. पण दारात आलेल्या माणसाला आधी त्याच्या नावाने हाक मारा. काशम्मा समोर उभी होती, आणि मला ती हाक एकदाही मारता आली नाही.